तिमगाद: निवृत्त सैनिकांचे रोमन शहर आणि त्याचे बंडखोर बिशप

अल्जीरियातल्या बात्ना शहराच्या पूर्वेला सुमारे ३५ किलोमीटरवर, ओरेस डोंगररांगेच्या उत्तर पायथ्याशी तिमगादचे अवशेष आहेत. १९८२ मध्ये त्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. काटकोनात एकमेकांना छेदणारे दगडी रस्ते, ट्राजनच्या नावाची तीन दरवाजांची कमान, साडेतीन हजार माणसे बसतील एवढे नाट्यगृह आणि ग्रंथालय यांची छायाचित्रे बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेली असतात. तिमगादवरचे लिखाण बहुधा या नगररचनेपाशीच संपते. मला या शहरातल्या ख्रिस्ती लोकांचा इतिहास अधिक मोलाचा वाटतो, कारण एका तत्त्वासाठी साम्राज्याशी भांडताना माणसे कुठवर जातात ते त्यात दिसते.

इ. स. १०० मध्ये सम्राट ट्राजनने थामुगादी या नावाने हे शहर वसवले. रोमची तिसरी ऑगस्टा लिजन ही फौज या भागात तैनात होती. तिच्या निवृत्त सैनिकांना इथे घरे आणि जमिनी मिळाल्या. रोमशी निष्ठा हाच वसाहतीचा पाया होता. शहर लवकरच मूळ चौकोनात मावेनासे झाले आणि नवी वस्ती, देवळे, स्नानगृहे बाहेर पसरली. मुख्य चौकाच्या फरशीवर कुणीतरी खेळाच्या पटाच्या रूपात कोरून ठेवले आहे: शिकार करणे, स्नान करणे, खेळणे, हसणे, यालाच जगणे म्हणतात. सुखवस्तू गावाचीच ही भाषा आहे.

ख्रिस्ती धर्म इथे नेमका कधी पोचला याची नोंद नाही. पण २५६ साली उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज या मोठ्या शहराचे बिशप सिप्रियन यांनी भरवलेल्या परिषदेत थामुगादीचे बिशप नोवातस बोलले होते आणि त्यांचे म्हणणे नोंदले गेले आहे. पाखंडी किंवा फुटीर गटातून चर्चमध्ये येणाऱ्याला नव्याने बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने होणारी ख्रिस्ती धर्मदीक्षा, द्यावा की नाही, हा तिथला वाद होता. द्यायलाच हवा, असे नोवातस यांचे मत पडले आणि जमलेल्या ८७ बिशपांचा निर्णयही तोच झाला. रोमच्या बिशपांना तो मान्य नव्हता. पुढे दीडशे वर्षे थामुगादीत जे घडले त्याचे मूळ या प्रश्नात आहे.

३०३ साली सम्राट डायोक्लेशियनने ख्रिस्ती लोकांचा छळ सुरू केला. पवित्र ग्रंथ सरकारजमा करा, असा हुकूम निघाला. काहींनी ग्रंथ देऊन जीव वाचवला, काहींनी प्राण दिले. छळ थांबल्यावर कार्थेजच्या बिशपपदी सेसिलियन यांची निवड झाली. पण त्यांना दीक्षा देणाऱ्यांपैकी एकाने ग्रंथ शत्रूच्या हवाली केले होते, असा आरोप झाला. पुढे चौकशीत तो खोटा ठरला, तरी तोवर न्युमिडियाच्या, म्हणजे थामुगादी ज्यात होते त्या प्रांताच्या, बिशपांनी वेगळा बिशप निवडलाही होता. त्यांच्यानंतर आलेल्या दोनातस यांच्यावरून या पंथाला दोनातवादी हे नाव मिळाले. भ्रष्ट हातांनी दिलेला बाप्तिस्मा हा बाप्तिस्माच नव्हे, अशी त्यांची ठाम भूमिका होती. सम्राट कॉन्स्टंटाइनने सेसिलियन यांचा पक्ष घेतला आणि उत्तर आफ्रिकेत गावोगावी दोन चर्चे, दोन बिशप अशी स्थिती झाली. थामुगादी दोनातवाद्यांचा बालेकिल्ला बनले.

३८८ साली ऑप्टॅटस थामुगादीचे दोनातवादी बिशप झाले. त्यांच्या काळात मूळ शहराबाहेर पश्चिमेला मोठे बॅसिलिका पद्धतीचे चर्च आणि त्याला जोडून इमारतींचा समूह उभा होता. तिथला षटकोनी बाप्तिस्माकुंड आजही शाबूत आहे. पायऱ्या उतरून आत जावे लागते आणि त्यांवर रंगीत मोझेकची नक्षी आहे. बाप्तिस्मा खरा कुणाचा, यावर सारा तंटा पेटला होता, त्यामुळे या कुंडावर एवढी कला का खर्ची पडली ते सहज समजते. शेजारच्या घरात मोझेकमध्ये एक लेख सापडला. देवाचे याजक ऑप्टॅटस यांच्या आज्ञेवरून हे काम मी पूर्ण केले, असे त्यात कारागीर सांगतो.

ऑप्टॅटस यांचे बळ रोमन आफ्रिकेचा सेनापती गिल्डो याच्या सैन्यात होते. सेसिलियन यांच्या, म्हणजे कॅथलिक, पक्षाचे बिशप संत ऑगस्टीन त्यांना ‘गिल्डोचा ऑप्टॅटस’ म्हणत आणि दहा वर्षे सारी आफ्रिका त्यांच्यामुळे कण्हत होती, असे लिहून गेले. अर्थात हे विरोधकाचे शब्द आहेत. ऑप्टॅटस यांच्या स्वतःच्या बाजूचे लिखाण उरलेले नाही. ज्या घटनेवर ऑगस्टीन यांनी पुन्हा पुन्हा बोट ठेवले ती मात्र फार बोलकी आहे. दोनातवाद्यांमध्येच फूट पडून मॅक्सिमियन यांचा गट वेगळा झाला होता. ३९४ साली बगाई येथे ३१० बिशपांनी त्या गटाचा कडक धिक्कार केला. ३९७ साली ऑप्टॅटस यांच्या दबावाखाली त्यातले दोन बिशप परत घेतले गेले. फुटीच्या काळात त्यांनी दिलेले बाप्तिस्मेही ग्राह्य धरले आणि कुणालाही पुन्हा कुंडात उतरावे लागले नाही. मग तुमच्याकडे येणाऱ्या आमच्या कॅथलिक लोकांनाच दुसरा बाप्तिस्मा कशासाठी, हा ऑगस्टीन यांचा प्रश्न बिनतोड होता.

त्याच सुमारास गिल्डोने रोमकडे जाणारे धान्य रोखले आणि बंड पुकारले. ३९८ साली त्याच्याच भावाने, मॅसेझेलने, त्याचा पाडाव केला. ऑप्टॅटस तुरुंगात मरण पावले.

४११ साली कार्थेजला सरकारी अधिकाऱ्यासमोर दोन्ही पक्षांची महापरिषद झाली. दोन्हीकडे सुमारे २८५ बिशप होते. दोनातवाद्यांच्या सात प्रवक्त्यांपैकी एक होते थामुगादीचे गाउडेंशियस. निकाल विरोधात गेला आणि पुढच्या वर्षी पंथावर बंदी आली. सुमारे ४२० मध्ये डल्सिशियस हा अधिकारी कायदा राबवायला आला, तेव्हा गाउडेंशियस आपल्या लोकांसह चर्चमध्ये ठाण मांडून बसले. बळजोरी केलीत तर इथेच स्वतःला जाळून घेऊ, असे त्यांनी कळवले. अधिकाऱ्याने ती पत्रे ऑगस्टीन यांच्याकडे पाठवली. ऑगस्टीन यांनी त्यांतले उतारे देत ओळीओळीचे खंडन लिहिले, म्हणूनच गाउडेंशियस यांचे शब्द आपल्यापर्यंत पोचले. देवाचे नाव जिथे नेहमी घेतले गेले त्या चर्चमध्ये जगू, नाहीतर तिथेच मरू, असे ते म्हणतात. ऑगस्टीन यांचे तर्क भक्कम आहेत, पण शासनाच्या बळाने माणसाला चर्चमध्ये आणण्याचे त्यांनी केलेले समर्थन मला आजही पटत नाही.

४२९ मध्ये व्हँडल ही जर्मानिक टोळी आफ्रिकेत उतरली. पुढे ओरेसच्या डोंगराळ लोकांनी शहर रिकामे करून पाडून टाकले. शत्रूला डोंगराजवळ तळ देता येऊ नये हा त्यांचा हेतू होता, असे इतिहासकार प्रोकोपियस सांगतो. बायझंटाइन म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याचा सेनापती सॉलोमन याने ५३९ च्या सुमारास त्याच पडक्या इमारतींचे दगड वापरून शहराच्या दक्षिणेला किल्ला बांधला. सातव्या शतकातल्या अरब विजयानंतर वस्ती संपली आणि अवशेष मातीखाली गेले. १७६५ मध्ये स्कॉटिश प्रवासी जेम्स ब्रूस तिथे पोचला आणि १८८१ पासून फ्रेंचांनी उत्खनन सुरू केले.

कॅथलिक चर्चने थामुगादी हे नाव सोडलेले नाही. ते आता नामधारी धर्मप्रांतांपैकी एक आहे, म्हणजे तिथे भाविक नसले तरी ही पदवी एखाद्या बिशपला देता येते. तिमगाद पाहायला जाणाऱ्यांनी ट्राजनच्या कमानीवरून मागे न फिरता पश्चिमेकडे थोडे पुढे चालावे. बाप्तिस्माकुंड तिकडेच आहे.