आडवा झोपवलेला मनोरा : व्हँकुव्हरच्या न्यायालयाची पार्श्वभूमी

कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या ऐन मध्यात, रॉबसन स्क्वेअरला, एक भलंमोठं काचेचं छप्पर तिरकं उतरत येतं. त्याखाली ब्रिटिश कोलंबिया प्रांताची वरिष्ठ न्यायालयं भरतात. ही इमारत अशी बसकी का, याचं उत्तर शेजारच्या जुन्या कोर्टापासून शोधावं लागतं.

ते कोर्ट फ्रान्सिस रॅटनबरी या वास्तुविशारदाचं, १९११ साली पुरं झालेलं. घुमट, उंच खांब, दारात दगडी सिंह. आत शिरणाऱ्याने आधी दबूनच जावं, असा सगळा थाट. आपल्या इतिहासाचा एक धागाही इथे अडकला आहे. जुलै १९१४ मध्ये 'कोमागाटा मारू' जहाजावरच्या बहुतेक हिंदी प्रवाशांना बंदरातूनच परत पाठवलं गेलं. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला तिथले शीख कार्यकर्ते मेवा सिंग यांनी याच कोर्टात, हिंदी लोकांवर पाळत ठेवणारा इमिग्रेशन अधिकारी हॉपकिन्सन याला गोळ्या घातल्या. जानेवारी १९१५ मध्ये मेवा सिंग फासावर गेले.

पुढे कोर्टाला जागा अपुरी पडू लागली. डब्ल्यू. ए. सी. बेनेट यांच्या प्रांतिक सरकारने तिथे ५५ मजली मनोरा उभारायचं ठरवलं. पण १९७२ च्या निवडणुकीत ते हरले आणि डेव्ह बॅरेट यांच्या नव्या सरकारने बेत मोडीत काढला. काम वास्तुविशारद आर्थर एरिक्सन यांच्याकडे गेलं. त्यांनी उभा मनोरा आडवा झोपवला आणि लोकांना त्याच्या अंगाखांद्यावरून चालायला मोकळीक दिली! तीन चौकांभर पसरलेल्या या आराखड्यात बागा आणि पाण्याचे हौद आले. झाडांची सारी कल्पना कॉर्नेलिया ओबरलँडर यांची.

न्यायालय १९७९ साली पुरं झालं : सात मजले, ३५ कोर्टरूम. मला सर्वांत मोलाचे वाटतात ते कोर्टरूमबाहेरचे सज्जे. तारखेला आलेला माणूस अंधाऱ्या बोळात ताटकळत नाही. डोक्यावर आभाळ दिसतं, समोर माणसांची ये-जा दिसते. कोर्टाची पायरी चढताना पोटात गोळा येतो, त्याला एवढा उजेडही मोठा आधार असतो.

बाहेरच्या रुंद पायऱ्यांमधून नागमोडी उतार काढला आहे. त्याची छायाचित्रं जगभर गाजली, पण तो चढायला अवघड असल्याची तक्रार व्हीलचेअर वापरणाऱ्यांनी केली आणि ती रास्तच आहे.

जुनं कोर्ट पाडलं नाही. एरिक्सन यांच्याच हातून त्याचं रूप पालटलं आणि १९८३ पासून तिथे व्हँकुव्हर आर्ट गॅलरी आहे. दगडी सिंह अजून जागेवर आहेत.