टर्मिनलवर चालतं, पायथनवरून चालत नाही: प्रोटियसमधला व्हर्च्युअल टर्मिनल आणि कॉम्पिम

गोव्यात चवथ सरली की वाड्यावाड्यावरच्या पोरांच्या डोक्यात नरकासुर शिरतो. नुसता गवत-कागदाचा पुतळा उभा करून आता कोणाचं समाधान होत नाही. डोळे पेटले पाहिजेत, मान वळली पाहिजे, तलवारीचा हात वर-खाली झाला पाहिजे. फोंड्याकडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांना तर हा आयताच प्रोजेक्ट: लॅपटॉपवरून हुकूम सोडायचा, ८०५१ या मायक्रोकंट्रोलरने तो वाचून रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, ओढायचा. मोटर आणि रिले हातात येईपर्यंत सगळं सर्किट प्रोटियस या सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये चालवून बघायचं.

मग ठरलेली तक्रार येते. व्हर्च्युअल टर्मिनलवर १ दाबला की डोळे पेटतात, २ दाबला की मान वळते, सगळं झकास. लॅपटॉपवरच्या पायथन प्रोग्राममधून तेच पाठवलं की एक तर काहीच होत नाही, नाहीतर अर्धंच होतं. मुलं कोड उलटापालटा करत बसतात. खरं तर व्हर्च्युअल टर्मिनल आणि कॉम्पिम या दोन वेगवेगळ्या गोष्टींना ती एकच समजत असतात.

व्हर्च्युअल टर्मिनल हे ऑसिलोस्कोपसारखंच प्रोटियसमधलं एक उपकरण आहे. त्याला पडदा आहे, कीबोर्ड आहे, पण तो सर्किटच्या आतच राहतो. विंडोजला त्याचा पत्ताही नसतो. कुठलाही बाहेरचा प्रोग्राम त्याच्याशी बोलू शकत नाही, कारण त्याला पोर्ट क्रमांकच नाही. कॉम्पिम मात्र संगणकाच्या कॉम, म्हणजे सिरियल, पोर्टला सर्किटशी जोडतो. बाहेरून पोर्टवर आलेली अक्षरं तो साठवून घेतो आणि एकेक करून डिजिटल सिग्नलच्या रूपात सर्किटला देतो. सर्किटकडून आलेली पोर्टवर सोडतो. त्याला स्वतःचा पडदा नाही, त्यामुळे चालू आहे की बंद हे त्याच्याकडे बघून कळत नाही.

पहिली अडखळ तारांची. टर्मिनल उलटसुलट जोडायचा: ८०५१चा टीएक्सडी (पाठवायची पिन), म्हणजे ११ नंबरची पिन, टर्मिनलच्या आरएक्सडीला (घ्यायची पिन) आणि १० नंबरचा आरएक्सडी टर्मिनलच्या टीएक्सडीला. कॉम्पिम सरळ जोडायचा, टीएक्सडीला टीएक्सडी, आरएक्सडीला आरएक्सडी. त्याच्या पिनांची नावं सर्किटच्या बाजूने दिलेली आहेत. टीएक्सडी म्हणजे सर्किटने बाहेर पाठवायचं ते इथे आणून द्या. टर्मिनल काढून त्याच तारा कॉम्पिमला लावल्या की दोन्हीकडे सामसूम. मधे मॅक्स२३२ ही व्होल्टेज बदलणारी चिप घालायचीही गरज नाही. खऱ्या आरएस-२३२ केबलवर ‘१’ म्हणजे उणे ३ ते उणे १५ व्होल्ट आणि ‘०’ म्हणजे अधिक ३ ते अधिक १५, म्हणून तिथे ती चिप लागते. कॉम्पिमला साधी लॉजिक पातळीच हवी असते. मधे मॅक्स२३२ बसवला की सिग्नल उलटा होतो आणि पलीकडे कचरा उमटतो.

पोर्टचं पुढचं काम सोपं, पण ते विसरलं जातं. आजच्या लॅपटॉपला सिरियल पोर्ट नसतो, म्हणून कॉमझिरोकॉमसारख्या प्रोग्रामने दोन आभासी पोर्टांची जोडी बनवायची, समजा कॉम ५ आणि कॉम ६. लिनक्सवर अशी जोडी सोकॅट करतो. कॉम ५ कॉम्पिमला द्यायचा, कॉम ६ पायथनला. दोघांनाही एकच नंबर दिला तर विंडोज दुसऱ्याला दारातूनच परत पाठवतं, कारण एक पोर्ट एका वेळी एकालाच मिळतो.

बॉड रेटमध्ये, म्हणजे सेकंदाला किती बिट जातात त्या वेगात, गंमत आहे. टर्मिनलला एकच बॉड रेट असतो. कॉम्पिमला दोन: फिजिकल, म्हणजे विंडोजच्या पोर्टचा, आणि व्हर्च्युअल, म्हणजे सर्किटच्या बाजूचा. व्हर्च्युअल बॉड रेट ८०५१शी जुळायलाच हवा. फिजिकल चुकला तरी आभासी जोडीवर बहुधा काही बिघडत नाही, कारण कॉमझिरोकॉम मुळात वेग पाळत नाही, बाइट नुसते इकडून तिकडे सरकवतो. ही चूक महिनाभर लपून राहते आणि यूएसबी-सिरियल अडॅप्टरवर खरी केबल लावली की उघडी पडते. आणखी एक: प्रोटियसमध्ये काढलेला क्रिस्टल, म्हणजे चिपला ठोके देणारा भाग, शोभेचा असतो. घड्याळाचा वेग ८०५१च्या प्रॉपर्टीमधल्या आकड्यावरून ठरतो. ११.०५९२ मेगाहर्ट्झला टायमरमध्ये एफडी हा हेक्स आकडा भरला तर नेमका ९६०० मिळतो. तिथे १२ मेगाहर्ट्झ राहिलं तर तोच कोड सुमारे १०४१७ने बोलतो. साडेआठ टक्क्यांची ही चूक एका अक्षराच्या दहा बिटांच्या चौकटीत खपत नाही.

इथवरच्या चुका एकदा दुरुस्त केल्या की संपल्या. ‘अर्धंच होतं’ हे दुखणं मात्र वेगळं, आणि ते वेळेचं आहे.

टर्मिनलवर टाइप करणारा माणूस असतो. दोन अक्षरांमध्ये त्याच्याकडून सहज पाव सेकंद जातो, आणि मान वळलेली बघूनच तो पुढची कळ दाबतो. पायथनने १, २, ३ एकदम पाठवले तर ९६०० बॉडला एका अक्षराला जेमतेम एक मिलिसेकंद लागतो. तिन्ही हुकूम तीन मिलिसेकंदांत दारात. ८०५१चा प्रोग्राम तेव्हा काय करत असतो? पहिला हुकूम वाचून डोळे पेटवायचे आणि दोन सेकंदांच्या डिले लूपमध्ये, म्हणजे नुसता वेळ काढत, फिरत बसायचं. एसबफ या ८०५१च्या सिरियल रजिस्टरमध्ये आलेलं एकच अक्षर थांबू शकतं. ते उचलायच्या आत पुढचं पूर्ण आलं की दोनपैकी एक कायमचं जातं. कॉम्पिम बाहेरून आलेलं साठवतो खरा, पण ८०५१ मोकळा आहे की नाही हे तो विचारत नाही. ठरलेल्या बॉडने देत सुटतो. म्हणजे ही चूक टर्मिनलवर चाचणी करतानाही कोडमध्ये होतीच, माणसाच्या बोटांनी ती झाकली होती.

वेळेचा दुसरा घोळ खुद्द सिम्युलेशनच्या घड्याळाचा. सर्किट जड झालं, ग्राफिक एलसीडी आणि दोनचार मोटरी आल्या, की प्रोटियस खाली इशारा देतो: प्रोसेसरवर ताण आहे, सिम्युलेशन खऱ्या वेळेत चालत नाही. टर्मिनलला त्याची फिकीर नाही. तोही त्याच मंदावलेल्या वेळेत जगतो, ८०५१ हळू झाला तर टर्मिनलही तितकाच हळू. पायथन मात्र भिंतीवरच्या घड्याळाने चालतो. त्याने उत्तरासाठी एक सेकंद थांबायचं ठरवलं आणि सर्किटमधला एक सेकंद बाहेर चार सेकंदांनी पुरा होत असेल, तर तो उत्तर यायच्या आधीच ‘डिव्हाइस गप्प आहे’ म्हणून मोकळा होतो. वर उशिरा आलेलं ते उत्तर पुढच्या हुकमाचं म्हणून वाचतो. तिथून पुढे सगळाच गोंधळ.

यावर पुष्कळजण पायथनमध्ये ठिकठिकाणी स्लीप, म्हणजे ठरावीक वेळ थांबायचा हुकूम, पेरतात. मला ते पटत नाही. आज या लॅपटॉपवर दोन सेकंद पुरले, उद्या दुसऱ्यावर पुरणार नाहीत. त्यापेक्षा ८०५१ने प्रत्येक हुकूम पुरा झाल्यावर एक अक्षर परत पाठवावं आणि पायथनने ते आल्याशिवाय पुढचा हुकूम सोडू नये. घड्याळ कोणाचं का असेना, मग फरक पडत नाही. टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट बघायची मर्यादा, ठेवा, पण तो तार तुटली हे कळण्यापुरता, चांगला मोठा. शिवाय वाचन इंटरप्टने, म्हणजे अक्षर येताच हातातलं काम क्षणभर थांबवून, केलं तर डिले लूप चालू असतानाही ‘थांब’ हा हुकूम ऐकू जाईल. हात अडकून मोटर जळायला लागली तर तोच एक हुकूम कामाचा.

बारीकसारीक फरक आणखी आहेत. टर्मिनलवर एंटर दाबलं की १३ हा कोड जातो. पायथनमध्ये सवयीने ओळ संपवली की १०. तेराची वाट बघणारा प्रोग्राम दहा घेऊन बसून राहतो. उलट दिशेने, टर्मिनल दहाकडे दुर्लक्ष करतो, म्हणून फक्त दहा पाठवला तर सगळी उत्तरं एकाच ओळीत लांबत जातात. टर्मिनलवर १ दाबला म्हणजे अक्षर १ गेलं, ज्याचा कोड ४९; पायथनमधून आकडा १ बाइट म्हणून पाठवला तर खरोखरचा १ जातो आणि तुलना फसते.

माझं मत विचाराल तर दोघांत निवड करायची गरजच नाही. कॉम्पिम लावलेला असतानाही टर्मिनल ठेवावा, पण फक्त कान म्हणून: त्याचा आरएक्सडी ८०५१च्या टीएक्सडीला, म्हणजे कॉम्पिमकडे जाणारं प्रत्येक अक्षर डोळ्यांना दिसतं. दुसरा टर्मिनल आरएक्सडीच्या तारेवर लावला की पायथनकडून नेमकं काय आलं तेही दिसतं. टर्मिनलचा टीएक्सडी मात्र मोकळा सोडावा. कॉम्पिमच्याच तारेवर तो जोडला तर दोन आउटपुट एकमेकांशी भांडतात. चुकून खिडकी बंद केली तर पुढच्या वेळी ती आपोआप उघडत नाही, डीबग मेनूतून परत बोलवावी लागते.

८०५१ऐवजी अर्डुइनो उनो हा तयार बोर्ड वापरणाऱ्यांनी खऱ्या बोर्डावर जाताना एक लक्षात ठेवावं. पायथनने पोर्ट उघडला की डीटीआर या पोर्टच्या नियंत्रणाच्या सिग्नलची तार खऱ्या उनोला रीसेट करते आणि पहिले काही क्षण तो बूटलोडर या सुरुवातीच्या छोट्या प्रोग्राममध्येच असतो. सिम्युलेशनमध्ये ती तार आपण जोडलेलीच नसते, म्हणून तिथे पहिला हुकूम कधी हरवत नाही. सेटअपच्या शेवटी बोर्डाकडून एक ‘तयार’ अक्षर पाठवा, आणि पायथनने आधी तेच वाचावं.