पाण्यात बुडवूनही कडक होणाऱ्या वड्या

डिसेंबर 2024 मध्ये युनेस्कोने चीनमधील वसंतोत्सवाला, म्हणजेच चांद्र नववर्षाच्या सणाला, मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. 21 जानेवारी ते 20 फेब्रुवारी यांच्या दरम्यान केव्हातरी येणाऱ्या या सणाचे वर्णन कोठेही वाचले, तरी त्यात तांदळाच्या चिकट वड्यांचा, न्येनगाओचा, उल्लेख हमखास असतो. त्याच्यासोबत दोन चुकीची विधानेही बहुधा वाचायला मिळतात. पहिले असे, की हा पदार्थ ग्लुटेनमुळे चिकट होतो. ग्लुटेन हे गहू, जव आणि राय या धान्यांतील प्रथिनांचे जाळे आहे. कोणत्याही तांदळात, मग तो कितीही चिकट असो, ते नसते. हे विधान एवढ्यावरच निकालात निघते. दुसरे विधान असे, की या वड्या एकदोन दिवसांत दगडासारख्या होतात, कारण त्यांच्यातील पाणी उडून जाते. ते इतके स्वाभाविक वाटते, की कोणी तपासून पाहण्याच्या फंदात पडत नाही.

वस्तुतः ते खोडून काढण्यासाठी प्रयोगशाळेची आवश्यकता नाही. पूर्व चीनच्या किनाऱ्यावरील निंगबो शहर आणि त्याला लागून असलेले त्सछंग हे जुने गाव न्येनगाओसाठी प्रसिद्ध आहे. तेथे तांदूळ भिजवून पाण्यासह जात्यावर दळतात, पाणी दाबून काढतात, पीठ वाफवतात, ते गरम असतानाच कुटतात आणि त्याच्या लांबट वड्या पाडतात. या वड्या हिवाळाभर टिकाव्यात म्हणून मोठ्या रांजणात पाण्याखाली बुडवून ठेवण्याची जुनी पद्धत आहे. पाण्यात असल्यामुळे त्या वाळत नाहीत आणि त्यांना तडेही जात नाहीत. परंतु मऊसुद्धा राहत नाहीत. रांजणातून काढलेली वडी सुरीने जोर लावूनच कापावी लागते. जी वस्तू पाण्यात बुडालेली असताना कडक होते, ती वाळल्यामुळे कडक होते असे म्हणता येणार नाही.

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बुसँगो याने 1852 मध्ये पावाच्या बाबतीत हेच दाखवून दिले होते. ओलावा बाहेर जाऊ न देता ठेवलेला पावही शिळा होतो आणि पुन्हा गरम केल्यावर बराचसा ताजा होतो, असे त्याला आढळले. मग कडकपणा येतो कोठून?

शाळेत आपण शिकलो, की स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या असंख्य रेणूंची साखळी. हे अर्धेच सत्य आहे, कारण तांदळातील स्टार्च दोन प्रकारचे असते. अमायलोज ही जवळजवळ सरळ, लांब साखळी असते. अमायलोपेक्टिन त्याहून कितीतरी मोठे असून त्याला असंख्य शाखा फुटलेल्या असतात आणि बाहेरच्या शाखा साधारण दहा ते वीस ग्लुकोज एवढ्या आखूड असतात. आपल्या रोजच्या भाताच्या मोकळ्या दाण्यांच्या अनेक वाणांत अमायलोजचे प्रमाण 20 टक्क्यांच्या वर असते. चीन-जपानमधील आखूड दाण्याच्या जापोनिका तांदळात ते 15 ते 20 टक्क्यांच्या आसपास असते. आणि ज्याला खऱ्या अर्थाने चिकट तांदूळ म्हणतात त्यात ते दोन टक्क्यांहूनही कमी, किंबहुना जवळजवळ शून्य असते. आयोडीनचा थेंब टाकल्यावर साध्या तांदळाचे पीठ निळे-जांभळे होते, तर चिकट तांदळाचे तांबूस-तपकिरी होते, कारण निळा रंग येण्यासाठी अमायलोजच्या लांब वेटोळ्यात आयोडीन अडकावे लागते.

एवढा मोठा फरक एका विकरामुळे (एन्झाइममुळे) पडतो. अमायलोज तयार करणारे हे विकर तांदळाच्या सहाव्या गुणसूत्रावरील एका जनुकाच्या सूचनेनुसार बनते. चिकट तांदळात त्या जनुकाच्या आत 23 अक्षरांचा एक तुकडा दोनदा आलेला आहे. जनुकातील अक्षरे तीन-तीनच्या गटांनी वाचली जातात; 23 ही संख्या तीनच्या पटीत नसल्यामुळे तेथून पुढचे सारे वाचन सरकते, लवकरच थांबण्याची खूण येते आणि विकर अपुरेच राहते. अमायलोपेक्टिन घडवणारी विकरे मात्र शाबूत असल्याने दाणा स्टार्चने नेहमीप्रमाणे भरतो. जापोनिकामध्ये बिघाड वेगळा आणि सौम्य आहे: तेथे एकाच अक्षराच्या बदलामुळे विकर कमी प्रमाणात बनते. आसाममध्ये पिठा या तांदळाच्या पदार्थासाठी वापरला जाणारा बोरा तांदूळही चिकट गटातीलच. अर्थात, रानटी अवस्थेत ज्याचा वनस्पतीला काही लाभ दिसत नाही असे हे उत्परिवर्तन, म्हणजे जनुकातील हा बदल, टिकले, ते माणसाच्या जिभेला आवडले म्हणून.

आता मूळ प्रक्रियेकडे वळू. कच्च्या दाण्यात अमायलोपेक्टिनच्या बाहेरच्या शाखा दोन-दोन करून एकमेकींभोवती गुंफलेल्या असतात आणि या जोडगोळ्या रांगेने रचल्या जाऊन सूक्ष्म स्फटिक बनतात. पाण्यासह तापवल्यावर, तांदळाच्या वाणानुसार साधारण 60 ते 75 अंश सेल्सिअसला, हे स्फटिक वितळतात, पाणी आत शिरते, कण फुगतात आणि पीठ पारदर्शक, चिकट होते. वाफवणे म्हणजे हेच. त्यानंतरच्या कुटण्याने उरलेसुरले फुगीर कण फुटतात आणि सर्व रेणू एकमेकांत मिसळून सलग लगदा तयार होतो.

हा लगदा थंड झाला की रेणू पूर्वीच्या रचनेकडे परतू पाहतात. अमायलोजच्या सरळ साखळ्यांना एकमेकींलगत येणे सोपे असते. काही तासांतच त्यांचे जाळे बनते आणि त्यांचे स्फटिक पुन्हा वितळवायचे तर 120 अंशांच्याही वर जावे लागते. अमायलोपेक्टिनच्या शाखांना मात्र आपल्याच रेणूच्या गर्दीतून वाट काढत जोडीदार शोधावा लागतो, त्यामुळे त्यांच्या पुनर्रचनेला दिवस लागतात. दुहेरी गुंफण टिकण्यासाठी शाखेची लांबी निदान दहा ग्लुकोज असावी लागते. त्याहून आखूड शाखा अधिक असल्या, तर पुनर्रचना मंदावते. शिवाय स्फटिक बनण्याचे दोन टप्पे असतात. पहिल्यात बीज पडते, दुसऱ्यात ते वाढते. बीज पडणे थंडीत जलद होते, वाढ ऊबेत जलद होते, आणि दोन्हींचा एकत्रित वेग शून्याच्या जरा वर, म्हणजे नेमका आपल्या शीतकपाटाच्या तापमानाला, सर्वाधिक असतो. म्हणून शीतकपाटात ठेवलेली वडी स्वयंपाकघरातील ओट्यावर ठेवलेल्या वडीपेक्षा लवकर कडक होते, आणि गोठणकप्प्यात रेणूंची हालचालच थांबल्याने ती जवळजवळ आहे तशी राहते. आपला शिळा भात टणक होतो तो याच कारणाने.

अमायलोपेक्टिनच्या या नव्या स्फटिकांची एक सोय आहे: ते साधारण 40 ते 60 अंशांनाच वितळतात. वाफेवर ठेवताच वडी मऊ होते, ती यामुळे.

आता चीनमधील दोन परंपरांतील भेद उलगडतो. सूचौ आणि दक्षिणेकडील ग्वांगडोंग येथील गोड न्येनगाओ प्रामुख्याने चिकट तांदळाचा असतो. त्यात अमायलोज नाही, म्हणून तो ताजा असताना सैल आणि ताणणारा असतो, तव्यावर तळताना पसरतो आणि दिवसभरात कडक झाला तरी उष्णतेने पुन्हा मूळ रूपात येतो. त्यात घातलेली साखर पाण्याला बांधून ठेवते आणि शाखांच्या जुळणीत अडथळा आणते, त्यामुळे तो अधिक काळ मऊ राहतो. निंगबोचा बिनगोडाचा न्येनगाओ मात्र जापोनिका तांदळाचा असतो. त्यातील अमायलोजचे जाळे लवकर बनते आणि उकळत्या पाण्यातही सुटत नाही. म्हणून त्याचे काप रस्सेदार सूपमध्ये उकळले किंवा कोबी आणि मांसाबरोबर परतले तरी विरघळत नाहीत, चावताना लवचिक लागतात. उत्तरेकडे वऱ्याच्या जवळच्या एका धान्याच्या चिकट वाणाच्या पिवळ्या वड्या होतात, त्यांत बोरे घालतात. त्या धान्यातही अमायलोज बनवणारे विकरच निकामी झालेले असते.

घराघरांत वडीलधारी सांगतात, की न्येनगाओ पचायला जड आहे. रसायनशास्त्र याच्या उलट सांगते. असंख्य शाखांची टोके पाचक विकरांना खुली असल्यामुळे चिकट तांदळाचे स्टार्च लवकर पचते आणि रक्तातील साखर झपाट्याने वाढते. मधुमेही व्यक्तीने या पदार्थाकडे त्याच नजरेने पाहावे. पोट जड वाटते ते तेल, मोठे घास आणि न चावता गिळणे यांमुळे. न चावता गिळण्याचा धोका खराही आहे: जपानमध्ये मोची या तशाच पदार्थामुळे नववर्षाच्या दिवसांत घशात घास अडकून वृद्धांचे मृत्यू होतात, आणि अग्निशमन दल त्याविषयी सूचना देते.

समाजमाध्यमांवर सध्या गाजणारे, ‘भात थंड करून खा, स्टार्च पचणार नाही, वजन घटेल’ हे सूत्रही येथे लागू पडत नाही. थंड केल्याने तयार होणारे, पचनाला दाद न देणारे स्टार्च मुख्यतः अमायलोजपासून बनते; चिकट तांदळात ते नगण्य असते आणि वडी गरम केली की अमायलोपेक्टिनचे स्फटिक पुन्हा विरतात. इतर भातातही हा लाभ मर्यादितच आहे. तशीच ही वडी खाल्ल्याने वर्षभर भरभराट होते, किंवा वर्षअखेरीस चुलीच्या देवाला चिकट नैवेद्य दाखवल्याने स्वर्गात चहाडी करण्यापूर्वी त्याचे तोंड चिकटते, हेही श्रद्धेपुरतेच खरे आहे.

सूचौमधील एका दंतकथेला मात्र इतक्या सहज बाजूला सारता येत नाही. इसवी सनपूर्व पाचव्या शतकातील वू राज्याचा मंत्री वू झीशू याने शहराच्या तटाखाली चिकट तांदळाच्या विटा पुरून ठेवल्या आणि पुढे वेढ्याच्या उपासमारीत लोकांनी त्या उकरून खाल्ल्या, अशी ती कथा. विटांना पुरावा नाही. पण चिनी गवंडी पुढील काळात चुन्यात चिकट तांदळाची पेज मिसळत, हे सिद्ध आहे; नानजिंग शहराच्या मिंग राजवटीच्या काळातील तटबंदीत असा चुना वापरलेला आहे. झेजियांग विद्यापीठातील संशोधकांनी 2010 मध्ये या मिश्रणाचे विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यात दिसले, की पेजेतील अमायलोपेक्टिन चुन्यातून तयार होणाऱ्या कॅल्शियम कार्बोनेटच्या स्फटिकांची वाढ आवरून धरते. ते मोठे होऊ शकत नाहीत, म्हणून लहान आणि दाट बसतात, आणि तांदूळ व खनिज यांचे घट्ट विणलेले मिश्रण तयार होते. ते साध्या चुन्यापेक्षा अधिक बळकट असते, म्हणून त्याच संशोधकांनी जुन्या वास्तूंच्या डागडुजीसाठीही त्याची शिफारस केली.