प्रवाळाचं दुखणं आणि वेगळा टब

कोल्हापुरात घरी खाऱ्या पाण्याची टाकी आहे म्हटलं की पाहुणे आधी मासे मोजतात. माझ्याकडे दोनच आहेत. दगडावर जे फुलल्यासारखं दिसतंय तेही प्राणीच आहेत, त्यांना तोंड आहे, पोट आहे, हे सांगितलं की लोक काचेला नाक लावून बघतात. ते आजारी पडतात आणि त्यांच्यावर उपचारही होतात, यावर मात्र पटकन विश्वास बसत नाही. खुद्द हौशी लोकांनाही ते फार उशिरा कळलं.

साठ-सत्तर वर्षांपूर्वी टाकीतलं प्रवाळ म्हणजे मेलेलं प्रवाळ होतं. क्लोरीनमध्ये शुभ्र केलेला सांगाडा शोभेला ठेवायचा, त्यावर शेवाळ चढलं की काढून पुन्हा धुवायचा. जिवंत प्रवाळ कुणी आणलंच, तर काही आठवड्यांत संपायचं. त्यात माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आले की तांब्याचं औषध थेट टाकीत पडायचं. तांबं माशाला झेपतं, पण बिनकण्याच्या प्राण्यांना ते विष आहे. त्यामुळे ज्याला आपण आज प्रवाळाचा रोग म्हणू, तो तेव्हा दिसायलाच वेळ मिळत नसे.

चित्र पालटलं ते जकार्त्यात. ली चिन एंग नावाच्या हौशी माणसाने समुद्रातले जिवंत दगड (म्हणजे जीवजंतू वसलेले दगड), समुद्राचंच पाणी आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर टाकी चालवून दाखवली. १९६१ मध्ये त्याची पद्धत छापून आली. पुढे युरोपात पीटर विल्केन्स आणि बर्लिनच्या हौशी मंडळींनी जिवंत दगडाला फेस काढणारा स्किमर, चुन्याची निवळी आणि प्रखर दिवे यांची जोड दिली. प्रवाळ जगू लागलं, वाढू लागलं, फांदी तोडून दुसऱ्याला देता येऊ लागली. या तुकड्याला आज सगळे फ्रॅग म्हणतात. मला वाटतं, घरगुती टाकीतल्या रोगांचा खरा इतिहास या फ्रॅगपासून सुरू होतो. तुकडा एका घरातून दुसऱ्या घरात गेला की त्याच्या बुडाशी चिकटलेलं सगळंही गेलं. जिवंत दगडाने टाकीला जीव दिला आणि खेकडे, कृमी, अळ्याही दिल्या.

समुद्रात अभ्यास त्याआधीच सुरू झाला होता. १९२८-२९ च्या ग्रेट बॅरियर रीफ मोहिमेत यंग आणि निकोल्स यांनी पाहिलं की पाणी जास्त तापलं की प्रवाळ आपल्या पेशींत राहणारं सूक्ष्म शैवाल गमावतं आणि पांढरं पडतं. हे शैवाल प्रकाशावर साखर बनवून प्रवाळाला पोसतं, म्हणजे पांढरं प्रवाळ हे मेलेलं नसून उपाशी असतं. हा फरक फार मोलाचा आहे. नवा माणूस पांढरा पडलेला तुकडा फेकून देतो. खरं तर प्रकाश थोडा कमी करून, तापमान सांभाळून आणि अन्न देऊन तो परत रंगावर येऊ शकतो. मांस सुटून खालचा सांगाडा उघडा पडला असेल, तर मात्र ती गोष्ट वेगळी.

जंतूंनी होणाऱ्या रोगांची नोंद त्यानंतरची. कॅरिबियन समुद्रात आर्नफ्रीड अँटोनियस यांनी १९७३ मध्ये काळ्या पट्ट्याच्या रोगाचं वर्णन केलं. त्याच दशकात पांढऱ्या पट्ट्याचा रोग आला आणि तिथली सांबरशिंगासारखी प्रवाळं बहुतांश पुसून गेली. २००२ मध्ये फ्लोरिडात एका रोगाचा संबंध सेराशिया मार्सेसेन्स या जिवाणूशी लागला. हा जिवाणू माणसाच्या आतड्यात राहणारा, तो सांडपाण्यातून समुद्रात पोचला होता. जयंती नाला पंचगंगेत मिसळतो त्या जागी उभं राहिलेल्या कुठल्याही कोल्हापूरकराला यावर जास्त समजावून सांगावं लागत नाही.

घरच्या टाक्यांत त्या मानाने औषधांचा प्रवास उसनवारीचा झाला. आज हौशी माणसाच्या कपाटात ज्या बाटल्या दिसतात, त्यातल्या बऱ्याच मुळात प्रवाळासाठी बनलेल्या नव्हत्या. लुगॉलचं आयोडीन १८२९ मधलं, फ्रेंच डॉक्टरने माणसांसाठी केलेलं. हायड्रोजन पेरॉक्साइड जखमा धुण्याचं. आक्रोपोरा या फांद्यांच्या दगडी प्रवाळावर बारीक लाल किडे धावायला लागले, तेव्हा कुत्र्यांच्या हृदयातल्या जंतांवरची मिल्बेमायसिन ऑक्झाइम ही गोळी पाण्यात विरघळवून पाहिली गेली. किडे मेले, पण टाकीतले कोळंबी-खेकडेही धोक्यात आले, कारण सगळे एकाच कुळातले. आक्रोपोराचं मांस खाणारा चपटा कृमी तर हौशी लोकांना वर्षानुवर्षं छळत होता. शास्त्राने त्याला अमाकुसाप्लाना अक्रोपोरी हे नाव २०११ मध्ये दिलं, तेही टाकीतल्या नमुन्यांवरून. इथे घरची टाकी शास्त्राच्या पुढे होती.

याच काळात हौशी बोलीत नावंही रुजली. काही तासांत मांस गळून पडलं तर आरटीएन, आठवडे लागले तर एसटीएन, तपकिरी शेंबडासारखा थर आला तर ब्राउन जेली. ही नावं लक्षणांची आहेत, कारणाची नाहीत. ब्राउन जेलीच्या थरात सूक्ष्मदर्शकाखाली सिलिएट जातीचे एकपेशीय जीव प्रवाळाच्या पेशी गिळून वळवळताना दिसतात. पण क्षारता एका रात्रीत वर-खाली झाली, पाणी थांबलं, चिमट्याने मांस फाटलं, असं काहीतरी बहुतेक वेळा आधी घडलेलं असतं.

२०१४ मध्ये मायामीजवळ दगडी प्रवाळांचं मांस गाळणारा नवा रोग दिसला आणि वीसहून जास्त जातींत पसरला. त्याचा कारक जंतू ठरलेला नाही, तरी अमॉक्सिसिलिन मिसळलेला लेप जखमेच्या कडेने भरल्यावर बरीच प्रवाळं वाचली. रोग पोचण्याआधी निरोगी प्रवाळं उचलून मत्स्यालयांत सुरक्षित ठेवण्याचं मोठं कामही झालं. घरच्या टाक्यांतून शिकलेला प्रकाश, प्रवाह आणि क्षारांचा हिशेब तिथे कामी आला, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. मात्र त्या लेपाची बातमी वाचून मेडिकलमधून कॅप्सूल आणून टाकीत फोडू नये. ते पाणी शेवटी गटारातून नदीत जातं आणि प्रतिजैविकांना दाद न देणारे जिवाणू तयार करतं.

कायद्याचाही इतिहास इथे सांगायलाच हवा. २००१ मध्ये भारतात सगळी दगडी प्रवाळं, काळं प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप आणि समुद्रपंखा हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले. म्हणजे वाघाच्या पंक्तीत. फोंडा घाट उतरून आपण मालवणला जातो, तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तिथल्या खडकावरची फांदी, अगदी तुटून पडलेलीसुद्धा, उचलायची नाही. माझ्या टाकीत म्हणूनच दगडी सांगाडा नसलेली मंडळी आहेत: लेदर, मशरूम आणि झोअँथिड. रोग त्यांनाही होतात.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात उपसा केंद्रं बुडाली आणि शहराचं पाणी बंद झालं. वीज गेली तेव्हा इन्व्हर्टरवर फक्त एक हवेचा पंप चालवला. पाणी ढवळत राहिलं, म्हणून प्राणवायू टिकला. चूक पुढे झाली. आरओचं पाणी संपलं आणि बाष्पीभवनाची भर मी टँकरच्या पाण्याने केली. आठवड्याभरात लेदरची कड काळी पडून लिबलिबीत झाली आणि हात लावला तर वास यायचा. धारदार ब्लेडने काळा भाग निरोगी मांसापर्यंत कापला, कोऱ्या चहाचा रंग येईल इतकं आयोडीन टाकीतून वेगळ्या काढलेल्या पाण्यात घालून त्यात त्याला थोडा वेळ बुडवलं आणि प्रवाहात ठेवलं. तीन आठवड्यांनी कड गोल होऊन भरून आली. तेव्हापासून वीस लिटरचे दोन कॅन आरओ पाणी पावसाळाभर भरून ठेवतो.

झोअँथिडबद्दल एक सक्त गोष्ट. त्यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन असतं. हवाईत १९७१ मध्ये हे विष शास्त्रज्ञांनी वेगळं काढलं. ते जगातल्या अतिशय जहाल विषांपैकी आहे. नको असलेली वसाहत मारण्यासाठी दगड उकळल्याने वाफेतून अख्खी कुटुंबं दवाखान्यात गेल्याच्या घटना घडल्या आहेत. दगड उकळू नका, गरम पाणी ओतू नका. कापाकापी करताना हातमोजे आणि चष्मा घाला आणि मुलांना खोलीबाहेर ठेवा.

आजी सांगायची, प्लेग आला की लोक गाव सोडून शेतात झोपड्या बांधून राहत. घरात उंदीर मेला की तिसऱ्या दिवशी बिऱ्हाड बाहेर. औषध नव्हतं, तेव्हा अंतर हेच औषध होतं. प्रवाळाच्या बाबतीत आपण अजून बऱ्याच अंशी तिथेच आहोत. डिप, म्हणजे औषधाच्या पाण्यात तुकडा थोडा वेळ बुडवणं, बाहेर फिरणारा किडा पाडतं, पण अंड्यांना काही करत नाही. म्हणून नवा तुकडा आधी वेगळ्या टबात जातो. माझा टब वीस लिटरचा, झाकणाचा आहे. त्यात पाणी फिरवणारा छोटा पंप (पॉवरहेड), हीटर, साधा एलईडी आणि तापमान २५-२६ अंश. चिमटा, ब्रश आणि बादली त्या टबाची वेगळी. डिप दर आठवड्याला, सहा आठवडे. तुकडा ज्या छोट्या बैठकीवर, म्हणजे प्लगवर, चिकटवून आला तो प्लग मी तोडून टाकतो, कारण अंडी बहुधा तिथेच असतात.

गेल्या हिवाळ्यात एका विक्रेत्याकडून नारंगी झोअँथिडचा आठ तोंडांचा तुकडा आला. सगळी तोंडं उघडी, रंग उत्तम. पहिल्या डिपमध्ये काहीच पडलं नाही, दुसऱ्यातही नाही. एकोणिसाव्या दिवशी रात्री अकराला टॉर्च मारला, तेव्हा सातच तोंडं उघडी होती. आठव्याच्या देठाशी तांदळाच्या कणीएवढं नारंगी काहीतरी बसलं होतं, पाठीवर झोअँथिडच्या झालरीसारखेच बारीक केस. हा न्यूडिब्रँक, म्हणजे बिनशिंपल्याची समुद्री गोगलगाय, झोअँथिडच खातो आणि त्याचाच रंग अंगावर घेतो, म्हणून दिवसा डोळ्यांसमोर असून दिसत नाही. तुकडा उलटा केला तर बुडाशी पांढऱ्या जेलीची इवलीशी गुंडाळी, घड्याळाच्या कमानीसारखी. सुईने ती खरवडून काढली, किडा चिमट्याने उचलला आणि सहा आठवड्यांची मोजणी त्या रात्रीपासून पुन्हा एकपासून सुरू केली.