निरंकाराच्या राईतलं बी

चैत्रात गोव्यातल्या सत्तरी तालुक्याच्या डोंगरांवर पाय ठेवाल तिथे पाचोळा वाजतो. काजूच्या बागा तापलेल्या असतात, ओहोळांची पात्रं दगडांपुरती उरलेली असतात. अशा दिवसांत मी बांबरला निरंकाराची राय, म्हणजे त्या देवाच्या नावानं राखलेलं ओलं रान, बघायला गेलो. कडेला वहाणा काढल्या आणि दहा पावलांत तळव्यांना गार चिखल लागला. सोबतचे वयस्कर गावकरी म्हणाले, ‘सावकाश. मुळांवर पाय देऊ नका.’

मुळं टाळून चालणं सोपं नव्हतं. काही झाडं खोडाच्या बुंध्यापासून फुटलेल्या टेकूमुळांवर उभी होती, तिवईसारखी. काही मुळं चिखलातून वर येऊन, गुडघ्यासारखी वाकून पुन्हा खाली गेली होती. बारमाही पाणी साचलेल्या मातीत हवा जवळपास नसतेच. पाण्यातून प्राणवायू पसरतो तो हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट सावकाश. मुळांना तर जगायला प्राणवायू लागतोच. म्हणून या झाडांनी मुळंच बाहेर काढली. त्यांच्या सालीवरच्या बारीक छिद्रांतून हवा आत जाते आणि चिखलात रुतलेल्या मुळांपर्यंत पोचते. मांडवीच्या काठची खारफुटी हेच खाऱ्या पाण्यात करते. इथे ते गोड्या पाण्यात चाललेलं आहे, आणि करणारी झाडं जायफळाच्या कुळातली आहेत. हे कूळ सपुष्प वनस्पतींच्या फार जुन्या शाखांपैकी एका शाखेवरचं.

भारतात अशा रानजायफळाच्या दलदलीची शास्त्रीय नोंद पहिल्यांदा १९६० साली झाली, दक्षिण केरळातून. त्यानंतर शोध घेतला तेव्हा हाती लागले ते तुकडेच. सपाट तळ आणि वर्षभर पाणी असलेली जागा शेतकऱ्याला सोन्यासारखी. तिथे भाताचं शेत होतं, नाहीतर पोफळी लागतात. पिढ्यान् पिढ्या तसंच झालं, आणि त्याबद्दल कुणाला दोष द्यावा असं मला वाटत नाही, खाणारी तोंडं होती. बांबरची जागा राहिली ती देवाच्या नावानं. निरंकार म्हणजे आकार नसलेला. त्याच्या राईत कोयता चालवायचा नाही, वाळलेली फांदीसुद्धा न्यायची नाही, एवढा नेम. वन्यजीव कायदा १९७२ चा आहे, हा नेम त्याच्या कितीतरी आधीचा.

पण मला सांगायचं आहे ते बियाबद्दल.

दुर्मिळ जातींचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, ‘बिया काढून ठेवा ना शीतपेटीत, लागेल तेव्हा लावू.’ धान्यांच्या बाबतीत हे खरंच केलं जातं. भाताचं बी नीट वाळवलं, उणे १८ अंशांवर ठेवलं, की कित्येक दशकं टिकतं. बियाण्यांच्या बँका याच तत्त्वावर चालतात. रानजायफळाचं बी मात्र वाळलं की मरतं. दमट रानात झाडावरून पडावं आणि थोड्याच दिवसांत रुजायला लागावं अशीच त्याची घडण आहे, झोपून राहायची सोय त्यात नाही. वाळवल्याशिवाय गोठवलं तर आतल्या पाण्याचे स्फटिक होतात आणि पेशी फाटतात. तेव्हा या जातींची पारंपरिक बँक उघडता येत नाही. त्यांची बँक म्हणजे ती ओली राय.

आणि राईलाही हे बी एकटीनं पुढे नेता येत नाही. फळ पिकून उकललं की आत लाल जाळीत गुंडाळलेलं टपोरं बी दिसतं. स्वयंपाकघरातली जायपत्री म्हणजे अशीच जाळी, आणि आपल्या मसाल्यातली रामपत्री तर सह्याद्रीतल्या एका रानजायफळाचीच. ही लाल जाळी पक्ष्यांसाठी असते. एवढं मोठं बी गिळू शकणारे पक्षी थोडे, त्यांत पहिला मान धनेशाचा. तो फळ गिळतो, गर पचवतो आणि बी दूर कुठेतरी ओकून टाकतो. आईच्या पायाशी पडलेल्या बियांचं काय होतं? किडे, खेकडे, उंदीर यांतलं कुणीतरी त्या शोधतंच, आणि रुजल्या तरी सावलीत खुरटतात. वाहतं पाणीही बिया नेतं, पण खालच्या अंगाला. उताराच्या वर, डोंगराच्या पलीकडच्या दुसऱ्या ओल्या घळीत बी पोचायचं तर पंखच लागतात.

गोव्यात धनेशाच्या चार जाती दिसतात. त्यातला सर्वांत मोठा महाधनेश आज जागतिक पातळीवर असुरक्षित गणला जातो. त्याचा संसार पाहिला की कारण कळतं. मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते, विष्ठा आणि अन्नाच्या लगद्यानं दार लिंपून घेते आणि चोच जाईल एवढी फट ठेवते. आत ती उडायची पिसं गाळते. तीन-चार महिने तिचं आणि पिलाचं पोट नर एकटा भरतो. फळ चोचीनं आणतो, फटीतून भरवतो, पुन्हा उडतो. त्या दिवसांत नराला एक गोळी लागली तर आतल्या दोघांचंही मरण जवळ येतं. आणि एवढी मोठी ढोली असलेलं झाड तयार व्हायला माणसाच्या दोन-तीन पिढ्या जातात.

म्हणजे झाडाला पक्षी हवा, पक्ष्याला दुसरंच झाड हवं. जात वाचवायची म्हणजे ही देवघेव चालू ठेवायची.

‘पण एक रानटी झाड गेलं तर आपलं काय जातं?’ हा प्रश्न मला शाळेतल्या मुलांनीही विचारला आहे आणि मोठ्यांनीही. तो उडवून लावण्यासारखा नाही. आपल्या कुळागरांत पोफळीखाली लावलेलं जायफळ मूळचं मोलुक्का बेटांचं. त्याची कलमं करताना खुंट म्हणून सह्याद्रीतली रानजायफळं वापरतात, कारण त्यांची मुळं इथल्या मातीला सरावलेली. रामपत्रीतून वेगळ्या काढलेल्या मलाबॅरिकोन नावाच्या रसायनांवर औषधांच्या दृष्टीनं संशोधन झालेलं आहे. आणि पाणी तर समोर दिसतं. पावसाळ्याचं पाणी अशी दलदल धरून ठेवते आणि उन्हाळ्यात हळूहळू सोडते. तरीही खरं उत्तर एवढ्यात संपत नाही, कारण एखादी जात काय काम करत होती ते पुष्कळदा ते काम थांबल्यावरच कळतं.

गिधाडांचं तसंच झालं. १९८० च्या दशकात भारतात ती इतकी होती की त्यांची मोजदाद करायची गरज कुणाला वाटली नव्हती. पुढे १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली. दुखऱ्या गुरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे साधं वेदनाशामक त्यांच्या मूत्रपिंडांवर उठत होतं, हे २००४ साली सिद्ध झालं. शंभर मेलेल्या गुरांत एकाहूनही कमी गुराच्या अंगात मारक मात्रा असली तरी एवढी घसरण होऊ शकते, असं गणितानं दाखवलं. गिधाड वर्षाला एकच अंडं घालतं, ती भरून निघणार कशी? २००६ मध्ये जनावरांसाठीच्या या औषधावर बंदी आली. मागे राहिली कुजणारी कलेवरं, वाढलेली भटकी कुत्री, दूषित पाणी. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांचा २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की २००० ते २००५ या पाच वर्षांत भारतात यामुळे पाच लाखांहून अधिक माणसं जास्तीची दगावली. मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा पुन्हा वाचला.

गिधाडं निदान सगळ्या देशानं पाहिलेली होती. निरंकाराच्या राईत काय काय चाललं आहे, ते पाहणारे किती?

याच सत्तरीत, म्हादई अभयारण्यातल्या गोळावली इथे जानेवारी २०२० मध्ये एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषानं मेले. त्याच गोव्यात गावकरी वाघाला वाघ्रो देव म्हणून पुजतात. हा विरोधाभास दाखवून गावकऱ्यांना शहाणपण शिकवणारे लेख मी वाचले आहेत आणि ते मला पटलेले नाहीत. ज्याची दुभती गाय वाघानं मारली त्याच्या घरातलं दूध त्याच दिवशी बंद होतं. वाघामुळे रान राखलं जाण्याचा फायदा मात्र म्हादई नदीचं पाणी पिणाऱ्या सगळ्यांच्या वाट्याला येतो, थोडाथोडा, न दिसता. नुकसान एका गोठ्याचं आणि लाभ साऱ्या खोऱ्याचा, असा हिशेब असेल तर त्या गोठ्याची भरपाई पुरेशी आणि लगेच मिळायलाच हवी. जुलै २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं इथे व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करण्याचा निर्देश दिला आणि वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. निकाल काहीही लागो, गोळावलीच्या गोठ्याचा हिशेब त्यात धरलेला असावा असं मला मनापासून वाटतं.

राईतून बाहेर पडताना मी त्या गावकऱ्यांना विचारलं, ‘काका, धनेश इथेच घरटं करतो?’ त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि समोरच्या डोंगराकडे बोट केलं. तिकडे कुणाच्या तरी काजूच्या बागेत एक जुना बेहडा उभा होता, भोवतालच्या झाडांपेक्षा दुप्पट उंच. त्याच्यावर कुठल्या देवाचं नाव नाही. मालकाला उद्या लाकडाचा चांगला भाव मिळाला तर तो तोडायला निरंकार आड येणार नाही. आम्ही वहाणा घातल्या आणि मालकाचं घर कुठे ते विचारत खाली उतरलो.