पाठमोऱ्या सोंगट्यांची लढाई

स्ट्रॅटेगो या दोघांच्या बैठ्या खेळाचा पट उघडला की बराच वेळ कोणी चालच करत नाही. दोघंही आपापल्या ४० सोंगट्या आपल्या बाजूच्या चार ओळींत लावत बसलेले असतात. सोंगटीचा हुद्दा आपल्याकडे तोंड करून, समोरच्याला दिसते ती नुसती पाठ. जो गमावला की डाव गेला तो झेंडा कुठे ठेवायचा, सहा बॉम्ब कुठे पेरायचे, मार्शल कोणत्या अंगाला उभा करायचा, यात माझ्या मते अर्धा डाव होऊन जातो. या मांडणीचे आणि हल्ल्याचे आजचे संकेत ज्यातून आले तो प्रश्न मात्र साधा आहे. दोन झाकलेल्या सोंगट्या भिडल्या की त्यांचे हुद्दे पाहायचे कोणी?

जुनं उत्तर होतं, तिसऱ्या माणसाने. १८९९ मध्ये इंग्लंडच्या हेन्री मायकेल टेंपल यांनी क्रीगश्पील नावाचा बुद्धिबळाचा प्रकार काढला. त्यात प्रतिस्पर्ध्याची मोहरी दिसतच नाहीत आणि दोन्ही पटांवर नजर ठेवायला पंच लागतो. जपानची गुंजिन शोगी आणि चीनची लुझानची हे फौजी सोंगट्यांचे खेळही पंच घेऊनच खेळले जात आले. पंच दोन्ही सोंगट्या पाहतो, हरलेली उचलतो आणि गप्प राहतो. आपली सोंगटी कोणी मारली हे कळतच नाही, फक्त अंदाज बांधायचा. १९७० च्या दशकात फिलिपिन्समध्ये सोफ्रोनियो पासोला यांनी काढलेल्या ‘गेम ऑफ द जनरल्स’मध्येही दोन्हीकडच्या २१-२१ सोंगट्यांमध्ये निवाडा करायला असाच पंच बसतो.

फ्रान्समधल्या एर्मांस एदां या बाईंनी पंचाला उठवलं. नोव्हेंबर १९०८ मध्ये त्यांनी ‘लाताक’, म्हणजे ‘हल्ला’, या खेळाच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९१० च्या सुमारास तो बाजारात आला. प्रत्येकी ३६ सोंगट्या, मार्शलऐवजी सरसेनापती, पण हेर, सुरुंग, सुरुंग काढणारे आणि झेंडा हे सगळं तेव्हापासूनचं. भिडल्यावर दोघांनी आपापला हुद्दा उघड करायचा, लहान हुद्द्याची सोंगटी बाहेर, सारखे असतील तर दोन्ही बाहेर. तिसरा माणूस शोधत बसायची गरज संपली. पण त्यामुळे खेळाचा स्वभावच पालटला, कारण आता जिंकलेला हल्लाही फुकटात पडत नाही. मारणारी सोंगटी उघडी पडते. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ते या पटावर शब्दशः खरं आहे.

हे मला फार बोलकं वाटतं, कारण त्याच वर्षांत फ्रेंच सैन्यात ‘काहीही होवो, हल्ला करा’ हा विचार जोरात होता. २२ ऑगस्ट १९१४ या एकाच दिवशी सुमारे २७ हजार फ्रेंच सैनिक मारले गेले. एदांबाईंच्या खेळाचं नाव हल्ला, पण समोर काय आहे हे न पाहता धावून जाणाऱ्याला तो पहिल्याच सुरुंगावर थांबवतो.

पुढे इंग्लंडमध्ये गिब्सन कंपनीने लाताक लोकप्रिय केला. आजचं रूप मात्र नेदरलँड्समध्ये ठरलं. जाक योहान मोगेनडॉर्फ यांनी ते घडवलं आणि १९४२ मध्ये, जर्मन ताब्यातल्या देशात, ‘स्ट्रॅटेगो’ हे नाव नोंदवलं गेलं. युद्धानंतर खेळ दुकानांत आला, मग जुम्बो कंपनीकडे गेला आणि १९६१ मध्ये मिल्टन ब्रॅडली कंपनीने तो अमेरिकेत नेला.

पट १० बाय १० चा, मधोमध दोन तळी. तळ्यांमुळे पुढे जायला प्रत्येकी दोन घरं रुंद अशा तीनच वाटा उरतात, आणि पहिल्या ओळीतल्या दहांपैकी चार सोंगट्यांना सुरुवातीला समोर पाणीच लागतं. युरोपातल्या संचांत मार्शल १०, जनरल ९ असे आकडे उतरत जातात. पाच मायनर, म्हणजे बॉम्ब काढणारे, ३ चे, आठ स्काउट २ चे. हेराचा हुद्दा सगळ्यांत खालचा, पण त्याने स्वतः हल्ला केला तर मार्शल पडतो. मार्शलनेच हेराला गाठलं तर मात्र हेर जातो.

नवशिका झेंडा कोपऱ्यात ठेवतो. तिथे दोन बॉम्बमध्ये भागतं, मागच्या ओळीत इतरत्र तीन लागतात. समोरच्यालाही हे ठाऊक असतं, म्हणून दुसऱ्या कोपऱ्यात खोटा किल्ला उभारायची रीत पडली. मायनर बॉम्ब फोडत पार आत येतो आणि तिथे झेंडा नसतोच. बॉम्ब आणि झेंडा मिळून सात सोंगट्या जागच्या हलत नाहीत. त्यामुळे जाणता खेळाडू समोरची कोणती सोंगटी अजून जागेवरच आहे ते मोजत राहतो, आणि स्वतःच्या हलू शकणाऱ्या एकदोन सोंगट्या मुद्दाम शेवटपर्यंत तशाच ठेवतो. पहिल्या ओळीत बॉम्ब पेरले तर स्वतःचीच वाट अडते. मायनर मागे राखायचे, कारण त्यांची खरी गरज शेवटी पडते. स्काउट सरळ रेषेत कितीही घरं धावतो, म्हणून तो देऊन मोठ्या सोंगटीचा हुद्दा काढणं हा स्वस्तातला सौदा.

स्पर्धा वाढल्या तशी नियमांना धार आली. जागतिक अजिंक्यपद १९९७ पासून भरतं. अंगावर आलेली सोंगटी चुकवायला दोन घरांत सतत मागेपुढे करणं आणि एखाद्या सोंगटीचा न संपणारा पाठलाग करणं, दोन्हींवर बंधन आलं. पहिल्या बंधनामुळे पाठलाग हे खरं हत्यार बनलं. पळणाऱ्याला कधीतरी थांबावंच लागतं.

हे संकेत कितपत खरे, याची कसोटी २०२२ मध्ये अनपेक्षित दिशेने लागली. डीपमाइंड या कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम करणाऱ्या कंपनीच्या डीपनॅश या प्रोग्रॅमने माणसांचा एकही डाव न पाहता, स्वतःशीच अब्जावधी डाव खेळून शिक्षण घेतलं आणि मग ग्राव्हॉन या जर्मन संकेतस्थळावर माणसांविरुद्ध ५० पैकी ४२ डाव जिंकले. एका बाजूच्या मांडणीचेच इतके प्रकार होतात की सगळे तपासणं यंत्रालाही अशक्य आहे. तरीही तो पोहोचला बऱ्याच अंशी कसलेल्या खेळाडूंच्याच मुक्कामाला. झेंडा बहुधा मागच्या ओळीत, पुढे बॉम्ब क्वचितच, मायनर मागच्या दोन ओळींत, मार्शल आणि जनरल दोन वेगळ्या बाजूंना, हेर जनरलच्या आसपास. मधूनच तो झेंड्याभोवती बॉम्ब ठेवतच नसे. माजी जगज्जेते व्हिन्सेंट द बूर यांनी याआधी डेल्फ्टच्या विद्यापीठात स्ट्रॅटेगो खेळणाऱ्या प्रोग्रॅमवरच प्रबंध लिहिला होता आणि या संशोधनातही ते होते. त्यांच्या मते ती उघडी मांडणीही चांगलीच, कारण अंदाज लागू न देण्यातच तिचं बळ आहे.

एका डावात डीपनॅश एक ७ आणि एक ८ गमावून बसला होता, म्हणजे उघड पिछाडीवर. पण त्याला समोरचा १०, ९, एक ८ आणि दोन ७ कुठे आहेत हे कळलेलं होतं, आणि जिंकण्याची आपली शक्यता तो सुमारे ७० टक्के धरत होता. दुसऱ्या डावात त्याने झाकलेला एक स्काउट समोरच्या ८ च्या मागे लावला. एवढ्या धिटाईने ८ वर चालून येणारा हा मार्शलच, असं माणसाला वाटलं. त्याने सोंगटी आपल्या हेरापर्यंत ओढत नेली आणि हेराने हल्ला केला. सोंगट्या उलटल्या तेव्हा समोर २ होता, आणि हेर गेला.