'चाकरमानी' ते 'कोकणवासी' : एका संबोधनाची पार्श्वभूमी

ऑगस्ट २०२५ मध्ये, गणेश चतुर्थी तोंडावर आली असताना, कोकणातून मुंबईला नोकरीसाठी गेलेल्या माणसाला म्हटला जाणारा 'चाकरमानी' हा शब्द शासकीय कामकाजात वापरू नये, त्याऐवजी 'कोकणवासी' म्हणावे, असे निर्देश राज्य सरकारच्या वरिष्ठ पातळीवरून देण्यात आले. 'चाकर' या शब्दात कमीपणा आहे, अशी कोकणाशी संबंधित काही संघटनांची तक्रार त्यामागे होती. तक्रार मनापासूनची असली, तरी तिच्यात शब्दाचा अर्धाच इतिहास विचारात घेतलेला दिसतो.

'चाकर' हा फारसीतून मराठीत आलेला शब्द. जुन्या मराठी कागदपत्रांत चाकरी म्हणजे दरबारातली किंवा फौजेतली सेवा, आणि ती करणारा हलका समजला जात नसे. हलकेपणा चिकटला तो 'नोकरचाकर' या जोडशब्दामुळे, आणि आजच्या शहरी कानाला तोच अर्थ आधी ऐकू येतो.

कोकणात मात्र शब्दाला वेगळे वळण लागले. मुंबईत १८५६ मध्ये पहिली कापडगिरणी चालू झाली आणि पुढच्या काही दशकांत, भाताच्या खाचरांवर वर्षाचे पोट न भरणाऱ्या रत्नागिरी जिल्ह्यातील घरांनी (आजचा सिंधुदुर्ग तेव्हा त्याच जिल्ह्यात होता) एकेक मुलगा मुंबईला धाडला. १९२१ च्या जनगणनेत मुंबईत राहणाऱ्या दोन लाखांहून अधिक माणसांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातला होता. ही माणसे गिरणगावात गावमंडळाच्या खोलीत राहत. खोलीला भाडे एक आणि राहणारे वीस-पंचवीस. रात्रपाळीचा माणूस परतला की दिवसपाळीच्या माणसाची वळकटी भिंतीला लागे आणि त्याच जागी याची उलगडे. जेवण खानावळवाल्या बाईंकडे, आणि पगारातून उरेल ते मनीऑर्डरने गावी. त्या फॉर्मच्या तळाच्या चिठोऱ्यावर चार ओळींचा मजकूर मावत असे. कौले बदलली का, बैलाचे काय झाले, यंदा गणपतीला येणे होईल की नाही, एवढे त्यात येई आणि पोस्टमन ते ओटीवर बसून वाचून दाखवी.

गावाने त्याला 'चाकरमानी' म्हटले ते या काळात. गावात राहून शेती करणाऱ्यापासून त्याला वेगळे ओळखता यावे, हा त्यामागचा सरळ हेतू होता. रोख पैसा आणणारा म्हणून त्यात मान होता, चार दिवस येऊन शहराचा तोरा मिरवणारा म्हणून किंचित चिमटाही होता. 'चाकरमानी इले' हे मालवणी मुलुखात आनंदाने सांगण्याचे वाक्य आहे. ते ऐकूनही शब्दात केवळ अपमान आहे असे म्हणणे, हे त्या ओटीवर वाट पाहत बसलेल्या म्हाताऱ्या माणसांवर अन्याय करणारे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

गुंता वाढला तो नंतर. वृत्तपत्रांनी हा शब्द कोकणाबाहेर काढला आणि लोकल बंद पडली की 'चाकरमान्यांचे हाल' असा मथळा येऊ लागला. त्यात कल्याणचा, विरारचा, कुठल्याही मुलुखातून आलेला नोकरदार सामावला. दुसरीकडे १९८२ च्या संपानंतर गिरण्या ओसरल्या, १९९८ मध्ये कोकण रेल्वे सलग धावू लागली, आणि चाकरमान्याची तिसरी पिढी ठाणे, डोंबिवली, नालासोपाऱ्यात स्थिरावली. तिने ना गिरणी पाहिली, ना मनीऑर्डर.

२०२० मध्ये शब्दाला कडवटपणाही आला. करोनाच्या भीतीने काही गावांनी मुंबईहून येणाऱ्यांना वेशीवरच अडवले, आणि गणपतीसाठी येणाऱ्यांचे विलगीकरण १४ दिवसांवरून १० दिवसांवर आणले गेले, तेव्हा त्यावरूनही वाद झाले. 'चाकरमानी आले' या वाक्यातला सूर त्या वर्षी अनेकांना प्रथमच बोचला. २०२५ च्या तक्रारीमागे 'चाकर' या पदापेक्षा ही आठवण अधिक असावी, असे मला वाटते.

निर्देशाची खरी अडचण अर्थाची आहे. 'कोकणवासी' म्हणजे कोकणात वास करणारा. ज्या माणसासाठी २०२५ मध्ये एसटीच्या सुमारे पाच हजार जादा गाड्यांची घोषणा झाली, तो कोकणात राहत नाही म्हणूनच त्याला गाडी लागते. जो गावातच राहिला, ज्याने देवघर सारवले, मखराची जागा मोकळी केली आणि मुंबईकरांच्या गाडीची वाट पाहत तिठ्यावर कंदील घेऊन उभा राहिला, तो खरा कोकणवासी. नव्या शब्दाने या दोघांना एकाच नावाखाली आणले आहे, आणि त्यांच्यातले अंतर सांगणारा दुसरा शब्द शासकीय परिपत्रकाच्या भाषेत तरी आता उरलेला नाही.